पुलाचे लाकूड राखावे की नाव?
पुण्यातील लकडी पुलावरून मुठा ओलांडताना पायाखाली एकही फळी लागत नाही. पानिपतानंतर पेशवाईत उभारलेल्या मूळ पुलाच्या जागी दगडी पूल आला आणि लाकूड उरले ते लोकांच्या तोंडी, कारण कागदोपत्री तो संभाजी पूल आहे. याउलट स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्न येथे रॉइस नदीवरील १४व्या शतकातील त्रिकोणी सांगाड्याच्या चॅपल ब्रिजचा मोठा भाग १९९३ मध्ये जळाला, तरी तो लाकडातच बांधून १९९४ मध्ये खुला झाला. छपराखालची १७व्या शतकातील बहुतेक त्रिकोणी चित्रे मात्र गेली. बस-रिक्षांसाठी दगडच बरा. पण केवळ पादचाऱ्यांचा पूल असेल, तर छपराने पाऊस अडतो आणि कुजलेला वासा तेवढा बदलता येतो, म्हणून मी लाकूडच निवडेन.