कमी बजेटच्या प्रोसेसरला कोणता मदरबोर्ड? मराठवाड्यातील खरेदीदारासाठी तुलनात्मक आढावा

स्वस्त प्रोसेसरसाठी महाग मदरबोर्ड घेतल्याने संगणक वेगवान होत नाही. एच६१० चिपसेटच्या (बोर्डाच्या सोयी ठरवणारी चिप) साध्या बोर्डावरचा कोअर आय३-१२१०० आणि बी७६० चिपसेटच्या बऱ्याच महाग बोर्डावरचा तोच आय३ टॅलीमध्ये, ब्राउझरमध्ये किंवा श्रीलिपीत मजकूर जुळवताना जवळपास सारखेच काम करतात. बोर्डावर ठरतात त्या गोष्टी वेगळ्या आहेत: मेमरी कोणत्या प्रकारची आणि किती बसेल, मागे कोणते पोर्ट मिळतील, चार-पाच वर्षांनी प्रोसेसर बदलता येईल का, आणि बोर्ड बिघडला तर तो बदलून येईपर्यंत काम किती दिवस अडेल. यांतला शेवटचा मुद्दा पुण्या-मुंबईत दुय्यम असू शकतो. हिंगोलीत किंवा अंबाजोगाईत तो किमतीइतकाच वजनदार आहे.

आज कमी बजेटमध्ये खरी निवड तीन सॉकेटांमध्ये (प्रोसेसर बसवण्याची बोर्डावरची जागा) होते: इंटेलचे एलजीए १७००, एएमडीचे जुने एएम४ आणि एएमडीचेच नवे एएम५.

एलजीए १७०० आणि एएम४: मेमरीचा आणि पुढच्या वाटेचा फरक

एलजीए १७०० हे सॉकेट नोव्हेंबर २०२१ मध्ये इंटेल प्रोसेसरांच्या बाराव्या पिढीबरोबर आले आणि तेराव्या व चौदाव्या पिढीपर्यंत चालले. कोअर अल्ट्रा २०० मालिकेसाठी इंटेलने ऑक्टोबर २०२४ मध्ये नवे सॉकेट आणल्यामुळे एलजीए १७०० बोर्ड घेणाऱ्याची पुढची वाट चौदाव्या पिढीपाशी संपते. एएम४ची गोष्टही फार वेगळी नाही. २०१७ मध्ये एएमडीच्या पहिल्या रायझन प्रोसेसरांबरोबर बाजारात रुजलेले हे सॉकेट नव्या पिढीच्या प्रोसेसरांच्या दृष्टीने थांबलेले आहे, परंतु त्याचे आयुष्य इतके लांबले की वापरलेले प्रोसेसर, बोर्ड आणि डीडीआर४ मेमरी अजूनही सहज हाती लागतात, आणि लहान गावातल्या दुरुस्ती करणाऱ्यालाही ते ओळखीचे असतात.

मेमरीच्या बाबतीत एएम४ सरळ आहे, कारण तिथे फक्त डीडीआर४ चालते. एलजीए १७००मध्ये मात्र एकाच चिपसेटचे काही बोर्ड डीडीआर४चे आणि काही डीडीआर५चे असतात, आणि दोन्ही मेमरींच्या खाचा वेगळ्या असल्यामुळे एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जुन्या संगणकातली डीडीआर४ काढून नव्या बोर्डावर लावायचा विचार असेल, तर कोटेशनवर बोर्डाचे पूर्ण नाव लिहून घ्यावे. पुष्कळदा नावात शेवटी ‘डी४’ किंवा ‘डीडीआर४’ असते आणि तेवढ्या दोन-तीन अक्षरांवर मेमरीचा सगळा खर्च अवलंबून असतो.

एच६१० की बी७६०?

इंटेलच्या बाजूने खरेदीदाराची सर्वाधिक द्विधा इथे होते, म्हणून यावर थोडे थांबतो. एच६१०मध्ये मेमरीच्या दोनच खाचा मिळतात, डीडीआर४ मेमरी ३२०० या अधिकृत वेगाच्या पुढे नेता येत नाही, आणि एसएसडीसाठी प्रोसेसरमधून थेट येणारी चौथ्या पिढीची पीसीआयई वाट (एसएसडी आणि कार्डांना जोडणारी डेटाची वाट) बंद असल्याने एम.२ खाच (एसएसडी थेट बोर्डावर बसवण्याची) चिपसेटमार्फत तिसऱ्या पिढीच्या वेगाने चालते. बी७६० आणि त्याच्या आधीच्या बी६६०मध्ये मेमरीचा वेग वाढवता येतो, एसएसडीला चौथ्या पिढीची वाट मिळते आणि पुष्कळ बोर्डांवर मेमरीच्या चार खाचा असतात. पुष्कळ म्हणजे सगळ्या नव्हे. स्वस्त बी७६० बोर्डांवर दोनच खाचा आढळतात आणि तरीही चिपसेटच्या नावाचे पैसे द्यावे लागतात.

या मर्यादा प्रत्यक्ष कामात कितपत जाणवतात? एम.२ खाचेत बसणारी तिसऱ्या पिढीची चांगली एनव्हीएमई एसएसडी सेकंदाला सुमारे ३५०० एमबी वाचते, तर जुन्या साटा जोडणीची एसएसडी साधारण ५५० एमबीपाशी थांबते. जुन्या हार्डडिस्कवरून एसएसडीवर आलेल्या माणसाला फरक लख्ख दिसतो. तिसऱ्या पिढीवरून चौथ्यावर आलेल्याला दुकानाच्या हिशेबात किंवा ऑनलाइन अर्ज भरताना तो दिसत नाही. दोन खाचांत ३२-३२ जीबीच्या पट्ट्या लावून ६४ जीबीपर्यंत जाता येते, आणि आय३ वापरणाऱ्याला तेवढीही क्वचितच लागते. म्हणून आय३-१२१०० किंवा आय३-१४१०० घेणाऱ्याने एच६१०च घ्यावा आणि वाचलेल्या पैशांतून मेमरीची दुसरी पट्टी किंवा चांगला यूपीएस घ्यावा, असे माझे मत आहे.

याला एक अपवाद आहे. ‘आत्ता आय३ घेतो, पुढे यावरच आय७ बसवीन’ असा बेत पुष्कळांचा असतो, आणि एच६१०वर आय७ सुरू होतो हेही खरे आहे. अडचण प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाची आहे. स्वस्त एच६१० बोर्डांवर हा भाग तुटपुंजा असतो आणि त्यावर उष्णता पसरवणारी धातूची पट्टीही बहुधा नसते. आय३-१२१००ची मूळ वीजमर्यादा ६० वॉट आणि जोरात चालतानाची ८९ वॉट असल्यामुळे त्याला ते पुरते. आय५-१२४०० मात्र ११७ वॉटपर्यंत जाऊ शकतो आणि आय७ त्याच्याही पुढे. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४३-४४ अंशांवर असताना पत्र्याच्या खोलीतल्या कॅबिनेटमध्ये असा बोर्ड स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसरचा वेग खाली आणतो, आणि आय७चे पैसे देऊन आय५ची कामगिरी पदरी पडते. बेत खरोखर पक्का असेल तर पहिल्याच दिवशी धातूची पट्टी असलेला बी७६० घ्यावा. नसेल तर त्या बेताच्या नावाने आज जादा खर्च करू नये. जाता जाता एवढेच की, प्रोसेसरबरोबर येणारा साधा पंखा हवा खाली बोर्डावर फेकतो, त्यामुळे या उघड्या भागालाही थोडा वारा लागतो. तो काढून वेगळा उभा पंखा लावल्यास हा फायदा जातो.

एएम४चे चिपसेट: ए५२०, बी४५० आणि बी५५०

वेगळे ग्राफिक्स कार्ड न घेता थोडे खेळ, थोडे व्हिडिओ संपादन आणि अभ्यास असा मिश्र उपयोग असेल, तर एएम४वरील रायझन ५ ५६००जी अजूनही विचारात घेण्याजोगा आहे. सहा कोअर, बारा थ्रेड आणि ६५ वॉटच्या या प्रोसेसरमधील वेगा ग्राफिक्स आय३मधल्या यूएचडी ७३०पेक्षा खेळांत सरस ठरते. उलट एव्ही१ प्रकारचे व्हिडिओ हार्डवेअरच्या मदतीने उलगडण्याची सोय यूएचडी ७३०मध्ये आहे आणि ५६००जीमध्ये नाही. लातुरात शिकवणीची ध्वनिचित्रमुद्रणे दिवसभर पाहणाऱ्या विद्यार्थ्याने हेही लक्षात घ्यावे.

५६००जी स्वतःच पीसीआयईच्या तिसऱ्या पिढीपर्यंत थांबतो. त्यामुळे त्याच्यासाठी चौथ्या पिढीची सोय असलेला बी५५० घेणे म्हणजे बोअरला दीड इंच पाणी असताना साडेसात एचपीची मोटार बसवणे होय. त्याला ए५२० पुरतो. ए५२०वर प्रोसेसरचा वेग वाढवता येत नाही, पण मेमरीचा वाढवता येतो, आणि ही सवलत एच६१०मध्ये नाही. अंगभूत ग्राफिक्स मुख्य मेमरीच वापरत असल्याने इथे १६ जीबीची एक पट्टी लावण्याऐवजी ८-८ जीबीच्या दोन लावाव्यात. एकाच पट्टीवर मेमरीची रुंदी निम्मी होते आणि ज्या ग्राफिक्ससाठी हा प्रोसेसर घेतला तीच आखडते. पुढे रायझन ५ ५६००सारखा प्रोसेसर आणि वेगळे कार्ड घ्यायचे निश्चित असेल तेव्हा बी५५०चा जादा खर्च सार्थकी लागतो.

बी४५०ची जागा आता फार अरुंद उरली आहे, तरी ती आहे. वापरलेला रायझन ३ ३२००जी स्वस्तात मिळाला म्हणून त्याला नवा ए५२० किंवा बी५५० घेऊ नये, कारण हे दोन्ही चिपसेट अधिकृतपणे त्या प्रोसेसरला आधार देत नाहीत. तिथे बी४५०च लागतो. त्याच जुन्या बी४५०वर ५०००च्या मालिकेतला प्रोसेसर लावायचा असेल तर आधी बायोस (संगणक सुरू करणारे बोर्डावरचे सॉफ्टवेअर) अद्ययावत करावा लागतो. एच६१०वर चौदावी पिढी लावतानाही हाच प्रश्न येऊ शकतो, म्हणून बायोसची आवृत्ती दुकानदाराकडूनच तपासून घ्यावी. बायोस बदलत असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. भारनियमनाच्या गावात हे काम यूपीएसशिवाय करू नये. प्रोसेसर न लावता पेनड्राइव्हवरून बायोस भरण्याचे बटण ज्या बोर्डावर आहे, त्याला मी या कारणासाठी थोडे झुकते माप देतो.

एएम५: जास्त खर्च, जास्त आयुष्य

सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या एएम५वर फक्त डीडीआर५ चालते. ए६२० बोर्ड आणि रायझन ५ ८५००जी ही इथली सर्वांत हलकी जोडी म्हणता येईल. एएमडीने या सॉकेटला २०२७ आणि त्यापुढेही आधार देण्याचे जाहीर केले असल्यामुळे तिघांमध्ये पुढची वाट मोकळी आहे ती याचीच. जो माणूस एकदा घेतलेला संगणक सात-आठ वर्षे वापरतो आणि मध्ये एकदा प्रोसेसर बदलायची तयारी ठेवतो, त्याला हा हिशेब पटावा. मात्र डीडीआर५चे भाव वरखाली होत असल्याने तिन्ही जोड्यांचे कोटेशन एकाच दिवशी, मेमरीसह घ्यावे. नुसत्या बोर्डांच्या किमती शेजारी ठेवून केलेली तुलना इथे फसवी ठरते.

दोन अटी आहेत. ८५००जीमध्ये ग्राफिक्स कार्डासाठी पीसीआयईच्या चारच लेन (डेटाच्या मार्गिका) आहेत, त्यामुळे पुढे चांगले कार्ड लावायचे तर रायझन ५ ७६०० जास्त योग्य. दुसरे, काही स्वस्त ए६२० बोर्ड ६५ वॉटच्या प्रोसेसरांपुरतेच बनवलेले असतात, म्हणून निर्मात्याच्या संकेतस्थळावरील प्रोसेसरांची यादी पाहावी. शिवाय या बोर्डांवर पहिल्यांदा सुरू करताना मेमरी जुळवण्यात काही मिनिटे पडदा काळा राहतो. तो बोर्ड मेलेला नसतो.

मागचे पोर्ट

पोर्टांकडे खरेदीच्या वेळी कोणी पाहत नाही आणि नंतर रोज त्यांच्याशीच गाठ पडते. आपले सरकार सेवा केंद्रात कीबोर्ड, माउस, प्रिंटर, स्कॅनर, बोटांचे ठसे घेणारे यंत्र, वेबकॅम आणि डिजिटल सहीचे टोकन एवढे एकाच वेळी लागते, आणि अनेक स्वस्त बोर्डांवर मागे सहाच यूएसबी असतात. जुना व्हीजीए मॉनिटर ठेवायचा असेल तर बोर्डावर ते पोर्ट आहे का ते पाहावे, नाही तर रूपांतरक घ्यावा लागतो. लातूरच्या डाळ मिलचा किंवा मोंढ्यातला वजनकाटा, वाळूजच्या लहान कारखान्यातले जुने सीएनसी यंत्र यांना अजून सीरियल पोर्ट लागते. काही बोर्डांवर ते मागे तयार असते, काहींवर फक्त आत पिना असतात आणि पट्टी वेगळी घ्यावी लागते. यूएसबीचा रूपांतरक काम चालवतो, परंतु काट्याचे सॉफ्टवेअर जुने असेल तर तो रुसतो, म्हणून अशा ठिकाणी बोर्डावरचेच पोर्ट बरे. इंटेलच्या बाजूने आणखी एक खबरदारी: आय३-१२१००एफसारख्या, नावात शेवटी ‘एफ’ असलेल्या प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स नसते आणि वेगळे कार्ड लावल्याशिवाय बोर्डाच्या पोर्टातून चित्र येत नाही.

वळवाच्या पावसात विजा कडाडतात तेव्हा ब्रॉडबँडच्या तांब्याच्या तारेतून येणारा झटका लॅनचा भाग जाळू शकतो. हे कोणत्याही चिपसेटवर होते. चांगले अर्थिंग आणि फायबरची जोडणी याला उतारा आहे, महाग बोर्ड नव्हे. रोज रात्री भिंतीवरचे बटण बंद करणाऱ्यांच्या बोर्डावरील सीआर२०३२ सेल लवकर उतरतो, तारीख मागे जाते आणि सरकारी संकेतस्थळे सुरक्षेची चूक दाखवून उघडेनाशी होतात. इलाज एका सेलचा आहे, तरी पुष्कळदा बोर्डच बदलायला सांगितला जातो.

वॉरंटी आणि ‘नवे’ जुने बोर्ड

अगदी कमी किमतीत ‘आय७, नवा बोर्ड’ अशी जाहिरात दिसली तर तो बहुतेक एच६१ किंवा एच८१ चिपसेटचा, बिननावाच्या कंपनीने पुन्हा बनवलेला बोर्ड असतो आणि त्यावर दुसऱ्या ते चौथ्या पिढीचा वापरलेला प्रोसेसर बसवलेला असतो. विंडोज ११ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० (सुरक्षेची अंगभूत सोय) लागते, आणि विंडोज १०चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. बँक आणि कराची कामे ज्यावर होणार, त्या संगणकासाठी हा पर्याय मी तुलनेत धरलेलाच नाही.

नामांकित कंपन्यांच्या बोर्डांवर भारतात साधारणपणे तीन वर्षांची वॉरंटी असते, पण बिघडलेला बोर्ड कोण पाठवणार, छत्रपती संभाजीनगरला की पुण्याला, आणि येण्या-जाण्याचा खर्च कोणाचा, हे दुकानागणिक बदलते. ऑनलाइन थोडा स्वस्त मिळणारा बोर्ड आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ओळखीच्या दुकानातला थोडा महाग बोर्ड यांत मी दुसरा घेईन, मात्र बिलावर बोर्डाचा अनुक्रमांक लिहिलेला असावा. एलजीए १७०० आणि एएम५मध्ये नाजूक पिना बोर्डाच्या सॉकेटमध्ये असतात, एएम४मध्ये त्या प्रोसेसरला असतात. म्हणून पहिल्या दोन प्रकारांत सॉकेटवरचे प्लास्टिकचे झाकण बोर्डाच्या खोक्यातच जपून ठेवावे. वॉरंटीत बोर्ड परत देताना ते लावलेले नसेल किंवा एखादी पिन वाकलेली दिसली, तर दावा नाकारला जाऊ शकतो.