फसवणुकीचा पुरावा माझ्याच विरुद्ध गेला तेव्हा

माझी फसवणूक कशी झाली हे लिहायला मला बराच उशीर झाला, कारण ती सिद्ध करण्यासाठी माझ्याकडे जे पुरावे होते तेच मला दोषी ठरवत होते. नोकरीतले अनुभव आणि त्यांवर बेतलेले लेखन इंटरनेटवरच्या मित्रमंडळींना दाखवण्याची ज्यांना सवय आहे, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहीत आहे.

मी विमा कंपनीच्या दावा विभागात काम करत होते. आग, अपघात, चोरी यांनंतर माणसे आमच्याकडे कागद घेऊन येत, आणि त्या कागदांमागचे दुःख अर्जाच्या कोणत्याच रकान्यात मावत नसे. म्हणून मी कथा लिहू लागले. लेखनाच्या आवडीतून ओळख झालेले आम्ही पाच जण एका गटात रात्री बोलत असू. कोणीही कोणाला प्रत्यक्ष भेटलेले नव्हते. त्यांतल्या एकीला आम्ही सगळे ताई म्हणत होतो. आपण अतिदक्षता विभागात परिचारिका आहोत, असे त्यांनी मला गटाबाहेर, एकटीशी बोलताना सांगितले होते, आणि रात्रपाळीतले त्यांचे किस्से इतके बारकाईचे असत की शंका घेण्याचा विचारही मनात आला नाही.

ताईंची ऐकण्याची पद्धत मला आजही आठवते. आम्ही दोघीच बोलत असताना मी एखादा प्रसंग सांगितला की त्या घाईने दाद देत नसत. तो माणूस आत आला तेव्हा त्याच्या हातात काय होते, तो कोणत्या शब्दावर अडखळला, त्याचा व्यवसाय नेमका कोणता, ही घटना कोणत्या महिन्यातली, असे त्या विचारत. लिहिणाऱ्या माणसाला असा श्रोता क्वचितच मिळतो, आणि मी तो मिळाल्याच्या आनंदात उत्तरे देत गेले. कथेच्या मसुद्यात मी दावेदारांची ओळख पुसत असे, व्यवसाय आणि नातेसंबंध बदलत असे. गप्पांमध्ये मात्र मी सगळे जसे घडले तसेच सांगत होते. हा फरक किती महत्त्वाचा आहे हे तेव्हा माझ्या लक्षात आले नाही.

सात कथा पूर्ण झाल्यावर ताईंनी सांगितले की त्यांच्या ओळखीचे एक निर्माते ऑडिओ मालिकेसाठी लेखन शोधत आहेत. त्यासाठी त्यांनी माझ्याकडून मसुद्याच्या फाइलमध्ये बदल करण्याची परवानगी घेतली, आणि नोंदणी व ध्वनिमुद्रणाची चाचणी या नावाखाली दोन वेळा पैसे घेतले. ती रक्कम माझ्या अर्ध्या पगाराच्या आसपास होती. पावती मागितली तेव्हा ती निर्मात्यांकडून एकदमच येईल असे उत्तर मिळाले. पुढे निर्मात्यांची तब्येत, मग ताईंच्या घरची अडचण, मग काहीच नाही. काही आठवड्यांनी त्या गटातून निघून गेल्या आणि त्यांनी आपले बहुतेक संदेश दोन्ही बाजूंनी पुसून टाकले.

जवळजवळ वर्षभराने मला एका मालिकेत माझी कथा ऐकू आली. जळालेल्या दुकानातल्या घड्याळांची यादी निव्वळ आठवणीतून लिहून देणाऱ्या म्हाताऱ्या कारागिराची ती गोष्ट होती. मूळ प्रकरणात घड्याळे नव्हतीच. ती मी ओळख लपवण्यासाठी घातली होती. त्यामुळे ती गोष्ट माझ्याकडूनच गेली होती, याबद्दल संशयाला जागा उरली नाही. त्याच मालिकेतल्या दुसऱ्या एका भागात मात्र माझ्या मसुद्यातले काही नव्हते. तिथे गप्पांमध्ये सांगितलेला प्रसंग खरा आजार, खरा व्यवसाय आणि खऱ्या महिन्यासह वापरला होता.

मी सल्ल्यासाठी वकिलांकडे गेले. लेखकांच्या हक्कांविषयीच्या 1886 च्या आंतरराष्ट्रीय बर्न करारात सामील असलेल्या देशांमध्ये लेखनावरचा हक्क मिळवण्यासाठी नोंदणीची अट नसते, तो लिहिण्यातूनच निर्माण होतो, हे त्यांनी सांगितल्यावर मला धीर आला. पण पुढचे ऐकणे अवघड होते. हक्क मांडणीवर असतो, घडलेल्या घटनेवर नसतो. त्यांनी 1991 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेल्या एका खटल्याचे उदाहरण दिले. एका टेलिफोन कंपनीने नक्कल पकडण्यासाठी आपल्या निर्देशिकेत काही खोट्या नोंदी पेरल्या होत्या, त्यांतल्या चार नोंदी दुसऱ्या प्रकाशकाच्या निर्देशिकेत तशाच सापडल्या, म्हणजे नक्कल उघड झाली, आणि तरीही ती कंपनी हरली, कारण नावे आणि क्रमांक ही निव्वळ तथ्ये होती. माझ्या घड्याळांचे तसे नव्हते. ती माझी कल्पना होती आणि त्यांच्याभोवतीची वाक्येही माझीच होती. गप्पांमधून गेलेला प्रसंग मात्र निव्वळ हकिगत होता, आणि त्यावर मला लेखिका म्हणून हक्क सांगता येणार नव्हता.

तारखेचा पुरावाही सहज मिळाला नाही. ताईंनी माझ्या फाइलची प्रत काढून पुढचे काम त्या प्रतीत केले होते, आणि प्रतीत बदलांचा इतिहास नव्याने सुरू होतो, मालक म्हणून प्रत काढणाऱ्याचे नाव येते. माझी मूळ फाइल मी आवराआवर करताना काढून टाकली होती. शेवटी उपयोगी पडला तो एका जुन्या मैत्रिणीला कथा जोडून पाठवलेला ईमेल, कारण तो पोहोचल्याची वेळ वाटेतल्या सर्व्हरांनीही नोंदवलेली असते आणि तो तिच्याकडेही जसाच्या तसा होता. तेव्हापासून पूर्ण झालेला प्रत्येक मसुदा मी गटाबाहेरच्या एका विश्वासू व्यक्तीला पाठवून ठेवते, आणि इतरांना फक्त वाचण्याची परवानगी देते.

तरीही तक्रार करण्याआधी मी कित्येक दिवस थांबले, आणि ते का, हेच मला प्रामुख्याने सांगायचे आहे. मालिकेतला तो दुसरा भाग ऐकून त्या दावेदाराच्या मुलीने आमच्या कंपनीकडे लेखी विचारणा केली होती. आपल्या वडिलांच्या आजारपणाची माहिती बाहेर गेली कशी, हा तिचा प्रश्न पूर्णपणे रास्त होता. ताईंनी ती माझ्याकडून घेतली हे दाखवायचे तर मला गप्पांमधले माझे स्वतःचे संदेश द्यावे लागणार होते, आणि त्याच संदेशांनी माझ्या नोकरीच्या करारातल्या गोपनीयतेच्या कलमाचा भंग सिद्ध होत होता. अशी फसवणूक करणारी माणसे नोकरीतलेच किस्से का मागतात, ते मला तेव्हा कळले. ज्याने सांगायला नको ते सांगितले आहे, तो तक्रार करायला धजावत नाही.

मी ते संदेश कंपनीला दिले. मला लेखी ताकीद मिळाली आणि दावा विभागातून माझी बदली झाली. ही शिक्षा मला अन्यायाची वाटत नाही. माझी कथा माझी होती, पण त्या माणसाचे आजारपण माझे नव्हते, आणि ऐकणारी एकच विश्वासातली मैत्रीण आहे म्हणून ते सांगण्याची मोकळीक मी स्वतःच घेतली होती. वरिष्ठांमार्फत मी त्या मुलीला माफीचे पत्र पाठवले. त्याचे उत्तर आलेले नाही.

पुढे गटातल्या उरलेल्या तिघांशी मी एकेक करून बोलले. तेव्हा उलगडले की ताईंनी मला सांगितलेले अतिदक्षता विभागातले सगळे किस्से आमच्यातल्याच एका खऱ्या परिचारिकेचे होते. तिने ते ताईंना एकांतात सांगितले होते, आणि ताईंनी ते स्वतःचे म्हणून मला ऐकवले. तिला त्यांनी माझे दाव्यांचे प्रसंग आपल्या पूर्वीच्या नोकरीतले म्हणून सांगितले होते. एकीच्या गोष्टी देऊन दुसरीचा विश्वास मिळवायचा, अशी ती पद्धत होती. गटात सर्वांसमोर या किस्स्यांचा विषय निघू नये याची काळजी त्या घेत, आणि आम्ही दोघी त्या काळजीला नाजूक मनाची खूण समजत होतो.

माझ्यासह तिघांनी एकत्र तक्रार केली. मालिकेचे दोन भाग काढले गेले, त्यांत घड्याळांची कथा होती. पैसे परत आले नाहीत आणि ते ज्या खात्यावर गेले ते बंद झालेले आहे. त्या परिचारिकेने मात्र आमच्याबरोबर सही केली नाही. तिचे रुग्ण अजून त्याच विभागात येतात, तिची नोकरी तिथेच आहे, आणि संदेश दाखवल्याशिवाय तिला काहीही सिद्ध करता येणार नाही. तिने सांगितलेल्या रात्रीचा भाग अजून ऐकायला मिळतो.