पिवळ्या वाट्यांचा सापळा: पावसाळा ते थंडी वापरल्यानंतर

परोपजीवी (दुसऱ्या किड्यांवर किंवा त्यांच्या अंड्यांत वाढणाऱ्या) गांधीलमाश्यांच्या जातींचा नकाशा करायला सातारा जिल्हा फार चांगला. महाबळेश्वरला वर्षाला 5000 मिमीच्या वर पाऊस, माणला जेमतेम 500. एवढ्या पट्ट्यात जागोजागी उभे करायला जाळीचे तंबूसापळे परवडत नाहीत. पिवळ्या वाट्या परवडतात, आणि बारीक माश्या त्यात भरपूर येतात.

वाटी उथळ, 15 सेंमी रुंद आणि गर्द पिवळी घ्या. केशरीकडे झुकणारा रंग नको. अर्धी वाटी पाणी, चमचाभर मीठ, भांडी घासायच्या बिनवासाच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब. लिक्विडमुळे माशी तरंगत न राहता बुडते, मिठामुळे लवकर कुजत नाही. एका ठिकाणी 10 वाट्या, 24 तास. उसाच्या फडात आत ठेवल्या तर सावलीत रंग उठत नाही. बांधावर, उघड्यावर ठेवा. पावसाळ्यात काठाखाली भोकं पाडून बारीक जाळी चिकटवली नाही तर एका सरीत सगळा माल वाहून जातो.

चहाची गाळणी इथे चालत नाही. ट्रायकोग्रामा, म्हणजे किड्यांच्या अंड्यांत वाढणारी माशी, जेमतेम अर्धा मिमी, सरळ निसटते. दाट विणीची मलमल वापरा. गाळलेलं 70 टक्के अल्कोहोलमध्ये, डीएनए काढायचा असेल तर 95 टक्के आणि फ्रीजमध्ये. चिठ्ठी कुपीच्या आत, पेन्सिलीने. बॉलपेनची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते.

ओळख पटवायला 40 पट दाखवणारा स्टिरिओ मायक्रोस्कोप लागतोच. ‘1000 एक्स’ छापलेले स्वस्त यूएसबी कॅमेरे पायाच्या टोकाचे सांधे मोजायला कुचकामी, आणि खरी मेख त्या सांध्यांतच आहे: तीन असतील तर ट्रायकोग्रामॅटिडी कुळ, चार असतील तर बहुधा युलोफिडी. मधल्या पायाला जाडजूड काटा असेल तर एन्सर्टिडीकडे बघा. जातीपर्यंत जायचं तर ट्रायकोग्रामाच्या नराचं जननांग स्लाइडवर घ्यावं लागतं. नुसत्या फोटोवरून नाव देऊ नका.

वाटीची मोठी उणीव म्हणजे माशी कशावर वाढली ते कळत नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या तासगावच्या द्राक्षबागेत एन्सर्टिडी कुळातली अ‍ॅनागायरस सापडली, तरी पिठ्या ढेकणाशी तिचं नातं जोडायला ढेकूण लागलेली काडी बरणीत ठेवून, तोंडाला मलमल बांधून माशी बाहेर येईपर्यंत थांबावं लागतं. उसात खोडकिड्याची अंडी गोळा करा. परोपजीवी पडलेली काळी पडतात.

नकाशावर ठिपका टाकताना अक्षांश-रेखांशाबरोबर उंची, पीक, वाट्या किती नि किती तास हेही लिहा, वाट्या रिकाम्या निघाल्या तरी. ऊसपट्ट्यात आणखी एक रकाना हवाच: ट्रायकोकार्ड (ट्रायकोग्रामा सोडायचं, परोपजीवी पडलेली अंडी चिकटवलेलं कार्ड) कधी लावलं? तो नसेल तर शेतकऱ्याने सोडलेली ट्रायकोग्रामा किलोनिस आणि मुळातली रानातली, दोन्ही एकाच ठिपक्यात मिसळतात. कोयना अभयारण्यात किंवा चांदोली राष्ट्रीय उद्यानात वाट्या ठेवायच्या असतील तर वनखात्याची लेखी परवानगी आधी काढा.