घरच्या एलची पारख : गुणपत्रक भरावे की तीन पेले मांडावेत?

माझा भाचा लीड्सला राहतो आणि तेथे घरीच बिअर बनवतो. ब्रिटनमध्ये स्वतःपुरत्या बिअरवर 1963 पासून कर नाही. महाराष्ट्रात परवान्यावाचून मद्य तयार करणे 1949 च्या दारूबंदी कायद्यात बसत नाही, त्यामुळे नाशिकला आमच्या वाट्याला येते ते केवळ चाखण्याचे काम. दिवाळीत त्याने एल या प्रकारच्या बिअरच्या 330 मिलिलिटरच्या सहा बाटल्या आणल्या. विमानतळावरच्या 2 लिटरच्या सवलतीत त्या जेमतेम बसल्या. एकाच दिवशी उकळलेला माल्टचा काढा त्याने दोन भांड्यांत विभागला होता आणि नेल्सन सॉव्हिन हा न्यूझीलंडचा हॉप (बिअरला कडवटपणा आणि सुगंध देणारे वेलीचे फूल) एका भांड्यात 3 दिवस, तर दुसऱ्यात 7 दिवस भिजत ठेवला होता. यांपैकी कोणती पद्धत पुढे ठेवावी, हे त्याला ठरवायचे होते.

पहिला मार्ग गुणपत्रकाचा. बीजेसीपी या अमेरिकी परीक्षक संस्थेच्या पत्रकात 50 गुण असतात : वासाला 12, रूपाला 3, चवीला 20, तोंडात जाणवणाऱ्या स्पर्शाला 5 आणि एकूण परिणामाला 10. हे पत्रक दोष शोधायला भाग पाडते. लोण्यासारखा वास आला तर डायअॅसिटिल या किण्वनात तयार होणाऱ्या द्रव्याचा संशय घ्यावा, कारण उशिरा घातलेल्या हॉपमधील विकरे उरलेल्या शर्करेचे विघटन करतात, किण्वन पुन्हा सुरू होते आणि त्यातून तो वास उद्भवू शकतो. हिरव्या सफरचंदाचा किंवा उकडलेल्या मक्याचा वास आला तर कारणे निराळी. सोव्हिन्यॉ ब्लाँक ही पांढरी वाइन चाखायची सवय असलेल्या नाशिककरांना या एलमधला पेरू सहज सापडतो, कारण दोन्हींत गंधकयुक्त थायॉल हीच सुगंधद्रव्ये असतात. मात्र बाटलीवरची चिठ्ठी आधी वाचली, की गुण तिच्यामागे जातात.

दुसरा मार्ग त्रिकोणी चाचणीचा : प्रत्येकापुढे तीन पेले, दोनांत एकच बिअर, तिसऱ्यात दुसरी, वेगळा पेला कोणता, एवढेच सांगायचे. कोणती बिअर आवडली हा प्रश्नच येथे नसतो, आणि माझ्या मते हेच या चाचणीचे बळ आहे. आम्ही सहा जण होतो, म्हणजे 18 पेले, प्रत्येकी 65 मिलिलिटर. दोन्ही प्रकारांच्या दोन-दोन बाटल्या तळाचा गाळ सोडून त्यात संपल्या आणि गुणपत्रकासाठी एकेक उरली. रंगावरून ओळख पटू नये म्हणून घरातले स्टीलचे पेले वापरले, जरी वास घ्यायला वाइनचा काचेचा पेला अधिक चांगला. फ्रीजमधून काढल्यावर दहा-पंधरा मिनिटे थांबावे, कारण गारठलेल्या बिअरला सुगंध नसतो. आणि सकाळी मिसळ खाऊन येणाऱ्याने या कामाला बसूच नये! हॉपचा कडवटपणा जिभेवर साचत जातो, म्हणून दोन फेऱ्यांपुढे निकालावर विसंबू नये. मधे पाणी आणि साधा पाव पुरे.

सहांपैकी चौघांनी वेगळा पेला ओळखला. हे यश वाटते, पण निव्वळ अंदाजाने सहांपैकी किमान चार उत्तरे बरोबर येण्याची शक्यता सुमारे 10 टक्के असते. ही शक्यता 5 टक्क्यांहून कमी असावी, ही रूढ मर्यादा पाळायची तर पाच जणांनी ओळखायला हवे होते. दुसऱ्या दिवशी नावे उघड ठेवून गुणपत्रक भरले, तेव्हा मी 3 दिवसांच्या एलला 36 आणि 7 दिवसांच्या एलला 31 गुण दिले, शेरा लिहिला ‘गवताळ’; आदल्या दिवशी मात्र न ओळखणाऱ्या दोघांत मीच होतो.

बिअरमध्ये बिघाड झाल्याची शंका असेल, किंवा चाखणारे आपण एकटेच असू, तर गुणपत्रक घ्यावे. कृतीतला एखादा बदल राखायचा की सोडायचा हे ठरवायचे असेल, तर आधी तीन पेले मांडावेत. भाच्याला मी 3 दिवसच ठेवायला सांगितले, कारण फरक सिद्ध झालेला नसताना चार दिवस जास्त घालवण्यात अर्थ नाही. माझा ‘गवताळ’ हा शेरा खरा होता की काय, हे पाहायला पुढच्या खेपेस बारा जण जमवावे लागतील आणि त्यांतल्या आठांना वेगळा पेला ओळखता यावा लागेल.