प्रिंटर जोडून देण्याच्या नावाखाली चौदा हजारांचा गंडा

आमचे करसल्लागाराचे कार्यालय नाशिकमध्ये आहे. दोन खोल्या, चार संगणक आणि छपाई, झेरॉक्स, स्कॅन अशी तिन्ही कामे करणारे एकच मोठे यंत्र, एवढाच पसारा. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात, म्हणजे प्राप्तिकर विवरणपत्रांची मुदत अगदी तोंडावर आलेली असताना, या यंत्राच्या निमित्ताने आम्ही १४,१६० रुपयांना फसलो. लाजेखातर गप्प बसावे असेच आधी वाटले होते. परंतु ज्या रीतीने आम्हाला फसवले गेले ती रीत कोणत्याही लहान कार्यालयात जशीच्या तशी लागू पडेल, म्हणून घडले तसे लिहून काढत आहे.

सोमवारी सकाळी इंटरनेट पुरवणाऱ्याचा माणूस जुना राउटर काढून नवा बसवून गेला. तो गेल्यावर तासाभरातच चारही संगणकांवर प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसू लागला आणि स्कॅन केलेले कागद फोल्डरमध्ये येईनासे झाले. झेरॉक्स मात्र व्यवस्थित निघत होती. यंत्र धडधाकट आहे, फक्त नेटवर्कशी त्याचा संबंध तुटला आहे, हे तेवढ्यावरूनच लक्षात यायला हवे होते. पण बाहेर खुर्च्यांवर अशील खोळंबलेले होते आणि आमचे नेहमीचे दुरुस्तीवाले गृहस्थ त्या दिवशी गावी गेलेले होते.

मी सर्च इंजिनमध्ये यंत्राच्या कंपनीचे नाव आणि पुढे ‘सेटअप’ एवढेच टाकले व सगळ्यात वर आलेला दुवा उघडला. त्या दुव्याच्या डोक्यावर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असे लिहिलेले होते, ते नंतर दिसले. आत कंपनीचे बोधचिन्ह होते आणि मॉडेलचा क्रमांक विचारणारी चौकट होती. क्रमांक भरताच ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला प्रिंटर चालवता यावा म्हणून लागणारी प्रणाली, उतरत असल्याची हिरवी पट्टी सरकू लागली, ८० टक्क्यांवर अडली आणि लाल अक्षरांत एक त्रुटी व तिच्याखाली ‘तंत्रज्ञाशी बोला’ म्हणून फोन क्रमांक आला. ही पट्टी म्हणजे निव्वळ चित्र होते. काही दिवसांनी मी मॉडेलच्या जागी ‘१२३४५’ असे टाकून पाहिले, तेव्हाही ती त्याच जागी अडली आणि तीच त्रुटी आली.

फोनवरचा माणूस अतिशय अदबीने, हिंदीत बोलत होता. त्याने दुरून संगणक हाताळण्याचे एक ॲप आमच्याकडून उतरवून घेतले आणि पडद्यावर दिसणारा क्रमांक विचारला. तो सांगताच माऊस त्याच्या ताब्यात गेला. प्रिंटरच्या सेटिंगला त्याने हातही लावला नाही. त्याने विंडोजमधला ‘इव्हेंट व्ह्यूअर’, म्हणजे संगणकातल्या घडामोडींची नोंदवही, उघडला आणि लाल-पिवळ्या खुणांची लांबलचक यादी दाखवून ‘हे सगळे व्हायरस’ असे सांगितले. वस्तुतः अशा नोंदी चांगल्या चालणाऱ्या संगणकावरही ढिगाने असतात. त्यानंतर त्याने काळ्या खिडकीत ‘नेटस्टॅट’ ही संगणकाच्या चालू जोडण्या दाखवणारी आज्ञा टाकली. तिच्या उत्तरात ‘फॉरेन ॲड्रेस’ असा एक रकाना येतो. त्याचा अर्थ जोडणीच्या पलीकडच्या टोकाचा पत्ता, एवढाच. या गृहस्थाने मात्र त्या शब्दावर माऊस गोल गोल फिरवत सांगितले की, परदेशातले हॅकर तुमच्या नेटवर्कमध्ये बसले आहेत आणि म्हणूनच प्रिंटर जोडला जात नाही. इंग्रजी मला वाचता येते, तरीही त्या क्षणी मी ते मानले. अशिलांचे आधार आणि पॅन असलेल्या संगणकात चोर शिरला आहे, असे कोणी म्हटल्यावर माझी तर्कबुद्धी जागेवर राहिली नाही.

‘नेटवर्क सुरक्षा’ तीन वर्षांसाठी १२,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, असे मिळून १४,१६० रुपये झाले. त्याने क्यूआर कोड पाठवला. पैसे भरण्यापूर्वी पडद्यावर कंपनीचे नाव न येता कोणा व्यक्तीचे नाव आले, त्यावर ‘आमचे अकाउंट्सवाले साहेब आहेत’ असे उत्तर मिळाले आणि मी पिन टाकला. मग त्याने स्कॅनच्या फोल्डरची परवानगी ‘एव्हरीवन’ला, म्हणजे सरसकट सगळ्यांना, देऊन टाकली आणि उद्या सकाळपर्यंत प्रिंटर आपोआप सुरू होईल, संगणक बंद करू नका, असे बजावून फोन ठेवला.

ईमेलने बिलही आले, आणि खरी नामुष्की त्या बिलात आहे. दिवसभर दुसऱ्यांचे जीएसटी क्रमांक तपासणे हा आमचा धंदा. जीएसटीच्या १५ अंकाक्षरी क्रमांकात पहिले दोन अंक राज्याचे आणि पुढची दहा अक्षरे पॅनची असतात. पॅनचे चौथे अक्षर कंपनी असेल तर ‘सी’ आणि व्यक्ती असेल तर ‘पी’ असते. बिलावर ठळक अक्षरांत ‘प्रायव्हेट लिमिटेड’ आणि क्रमांकात मात्र ‘पी’. क्रमांकाची सुरुवात ०७ ने, म्हणजे दिल्लीची; आमची नोंदणी महाराष्ट्रातली, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराचा आयजीएसटी लागायला हवा होता, तर तेथे एकाच राज्यातल्या व्यवहाराचे सीजीएसटी आणि एसजीएसटी नऊ-नऊ टक्के लावलेले. एखाद्या अशिलाने असे बिल आणले असते तर आम्ही ते त्याच्यासमोरच बाजूला काढले असते. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो क्रमांक शोधण्याची बुद्धी मला मंगळवारी संध्याकाळी झाली. असा क्रमांक अस्तित्वातच नव्हता.

त्याला कारणही तसेच घडले होते. मंगळवारी दुपारी आमच्या सहकारी बाई जेवणाचा डबा उघडत असताना समोरच्या संगणकावरचा माऊस आपोआप सरकू लागला आणि ब्राउझरमध्ये साठवलेल्या पासवर्डची यादी उघडली गेली. ते ॲप कोणी समोर नसतानाही जोडले जाईल अशी सोय त्याने आदल्या दिवशीच करून ठेवली होती. बाईंनी प्रसंगावधान राखून नेटवर्कची वायर उपसली. मी १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि बँकेत धावलो. परंतु चोवीस तास उलटून गेले होते. हा क्रमांक पैसे गेल्याच्या पहिल्या तासाभरात फिरवला तर रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी अडवली जाण्याची शक्यता असते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकातले संरक्षण ग्राहकाच्या संमतीविना झालेल्या व्यवहारांसाठी आहे, तुम्ही तर पिन स्वतः टाकलात, हे बँकेत मला समजावून सांगण्यात आले. पैसे मिळाले नाहीत. त्याहून जड गेले ते ज्यांचे कागद त्या फोल्डरमध्ये होते त्या अशिलांना एकेक करून फोन करणे.

बुधवारी आमचे दुरुस्तीवाले परतले. त्यांनी यंत्राच्या मेनूतून नेटवर्कचा तपशील छापून घेतला आणि कागद माझ्यासमोर धरला. यंत्राला पूर्वी कोणीतरी १९२.१६८.१.५० हा पत्ता हाताने देऊन ठेवला होता. नवा राउटर १९२.१६८.०.१ वर होता आणि तो संगणकांना १९२.१६८.० ने सुरू होणारे पत्ते वाटत होता. “साहेब, बाकीच्यांनी घर बदललं, हा एकटाच जुन्या वाड्यात राहिला,” असे ते म्हणाले. त्यांनी यंत्राला नव्या मालिकेतला पत्ता दिला, तो दुसऱ्या कोणाला जाऊ नये म्हणून राउटरमध्ये राखून ठेवला, चारही संगणकांवर प्रिंटरचा पोर्ट, म्हणजे छपाई कोणत्या पत्त्यावर पाठवायची ती नोंद, बदलला आणि स्कॅनच्या ॲड्रेस बुकमध्ये संगणकाच्या जुन्या पत्त्याऐवजी त्याचे नाव घातले. यंत्राचा ॲडमिन पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता, तोही बदलला. या सगळ्याला चाळीस मिनिटे लागली आणि ५०० रुपये. ज्या संगणकावर ते ॲप होते तो मात्र पूर्ण पुसून नव्याने भरावा लागला, सगळे पासवर्ड दुसऱ्या संगणकावरून बदलावे लागले आणि फोल्डरची परवानगी फक्त स्कॅनसाठी केलेल्या वेगळ्या खात्यापुरती ठेवावी लागली. कंपनीच्या सेवा केंद्राचा खरा क्रमांक वॉरंटीच्या कार्डावर छापलेला होता आणि ते कार्ड यंत्राखालच्या खणात, प्लास्टिकच्या पिशवीत, पहिल्या दिवसापासून पडून होते.

तीन आठवड्यांनी पुन्हा फोन आला. या वेळी बोलणारी व्यक्ती ‘रिफंड विभागा’तून होती, आमची कंपनी बंद होत आहे, तुमचे १४,१६० रुपये परत करायचे आहेत, त्यासाठी तेच ॲप पुन्हा उतरवा आणि बँकेचे खाते उघडून ठेवा, असे तिचे म्हणणे होते. मी बिलावरचा जीएसटी क्रमांक एकदा वाचून दाखवा म्हटले. फोन बंद झाला, आणि तो नवा क्रमांक मी आधीच्या तक्रारीत जोडून दिला.