साल्सा क्लासचा अनुभव: हात वर केला म्हणजे लीड झाली का?

पुण्यातल्या एका साल्सा क्लासच्या दोन लेव्हल झाल्या. तिसऱ्या लेव्हलची फी भरायची वेळ आली आणि मी भरली नाही. कारण सविस्तर लिहिते, कारण क्लास बदलला तरी ही अडचण बऱ्याच ठिकाणी भेटेल. साल्सा जोडीने नाचतात: पुढची हालचाल सुचवतो तो लीड (ते सुचवणं म्हणजेही लीड), आणि त्यानुसार नाचते ती फॉलोअर. मी फॉलोअर आहे, तेव्हा हे सगळं त्या बाजूने.

काउंट, म्हणजे आठ ठोक्यांतल्या कुठल्या ठोक्याला पाऊल टाकायचं ते, पक्का करून घेतात, हे मान्य. 1-2-3, 5-6-7 अंगात बसलं. बॅच वेळेवर सुरू होते, दर गाण्याला पार्टनर बदलतात, कोणी लगट करत नाही. एवढ्यापुरते पैसे वसूल.

पण राइट टर्न! क्लासमध्ये शिकवतात, लीडचा हात वर गेला की फॉलोअरने उजवीकडे वळायचं. बॅचमध्ये ते दर वेळी जमतं, कारण पुढे काय येणार हे सगळ्यांनाच पाठ असतं. मग मी एका सोशलला (सगळ्यांनी मोकळेपणाने नाचायच्या पार्टीला) दुसरीकडे शिकलेल्या मुलाबरोबर नाचले. त्याने हात वर केला, मी वळले, आणि वळायचं होतं त्याला स्वतःला. हात अडकले, माझा खांदा चांगलाच ओढला गेला. क्लासमध्ये विचारलं तर उत्तर आलं, "मॅडम, तुम्ही सिग्नल नीट बघितला नाहीत."

हे मला आजही पटलेलं नाही. वर गेलेल्या हाताचे निदान चार अर्थ होतात: मी उजवीकडे वळावं, मी डावीकडे वळावं, तो वळणार आहे, किंवा हात डोक्यावरून नेऊन मानेमागे सोडणार आहे. नुसतं बघून यातलं कुठलं ते ओळखायचं कसं? ऑन वनमध्ये (पहिल्या ठोक्यावर सुरू होणाऱ्या पद्धतीत) 5 ला माझा डावा पाय पुढे पडतो. 3 नंतर हात उचलताना त्याने बोटांतून हलका दाब ठेवला आणि माझं वजन त्या पायावर येत असतानाच हात माझ्या डोक्यावरून उजवीकडे छोटं वर्तुळ काढत नेला, तर वळण्यावाचून मला दुसरी वाटच राहत नाही. पाठ काही करावं लागत नाही. ही लीड. बाकी सगळी खूण, आणि खूण कळते ती फक्त त्याच क्लासमध्ये शिकलेल्याला.

क्रॉस बॉडी लीडचंही तेच. 2-3 ला लीडने बाजूला होऊन रस्ता मोकळा करायचा, 5-6-7 ला मी पलीकडे चालत जायचं. आमच्या बॅचमधली निम्मी मुलं वाटेतच उभी राहून हात ओढतात. त्यांना थांबवायचं सोडून आम्हाला सांगतात, "आता तुम्ही जायचं."

मध्यंतरी मैत्रिणीच्या आग्रहाने अर्जेंटाइन टँगोच्या प्रॅक्टिसला गेले. पहिला तास नुसतं चालणं. समोरच्याची छाती आणि वजन कुठे सरकतंय ते कळल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हाताच्या खुणा नाहीतच. इतका आनंद झाला की साल्सा सोडूनच द्यावा असं वाटलं.

पुढे मत थोडं बदललं. टँगोतही आठ पावलांच्या बेसिकमध्ये पाचव्या पावलाला फॉलोअरचा डावा पाय उजव्यावरून क्रॉस होतो, आणि अनेक जणी तो लीड नसतानाही सवयीने करतात. म्हणजे खुणा तिथेही शिरल्या आहेत. उलट क्यूबातलं रुएदा दे कासिनो घ्या. 1950च्या दशकात हवानात रुजलेला हा प्रकार पुकाऱ्यावरच चालतो. एक जण "एंचुफ्ला" किंवा "दिले के नो" पुकारतो, अख्खं वर्तुळ एकदम ती मूव्ह करतं, जोड्या बदलतात. तिथे खूण हवीच, आणि ती उघडपणे दिली जाते. आपल्या साल्सातही शाइन्ससाठी (हात सोडून एकेकट्याने करायच्या पावलांसाठी) लीडने हात सोडला, तर ती खूणच आहे आणि ती मला चालते. माझं भांडण खूण शिकवून तिला लीड म्हणण्याशी आहे.

आणि पैशांशी. तिसऱ्या लेव्हलच्या जाहिरातीत नवनव्या मूव्ह्जची यादी आहे. त्या मूव्ह्ज याच बॅचमधल्या मुलांबरोबर चालणार असतील तर तिमाही फी एकदम भरून माझ्या हाती काय लागणार? सोशलची एंट्री वेगळी, बूट वेगळे.

ट्रायलला जाल तेव्हा इन्स्ट्रक्टरबरोबर एक गाणं नाचा आणि न शिकवलेली मूव्ह द्यायला सांगा. जमली तर त्यांना लीड येते. मग बॅचमधल्या जुन्या मुलाबरोबर तेच करून बघा, म्हणजे ते लीड शिकवतात की नाही हेही कळेल. आणि लीड करणाऱ्यांनो, अंगठ्याने हात आवळू नका. वळताना बोटं आतल्या आत फिरायला हवीत, नाहीतर सगळा ताण आमच्या मनगटावर आणि खांद्यावर येतो.

बेसिक, क्रॉस बॉडी आणि एकच टर्न घेऊन महिनाभर फक्त कनेक्शनची (हाताच्या दाबातून समोरच्याची हालचाल ओळखण्याची) बॅच काढा, असं मी क्लासला लिहून कळवलंय. काढली तर त्याच दिवशी फी भरेन. अजून उत्तर आलेलं नाही.