गाडीच्या इन्शुरन्सवर विमानाचे पॉइंट: बोलेरोवाल्याचा हिशोब

निकाल पहिले सांगून देतो, बाकीचं मग. गाडीचा विमा क्रेडिट कार्डानं भरला की विमानाचे पॉइंट भेटतात, खोटं नाही. पण त्याच्यासाठी विमा कंपनी बदलवू नका, एजंट बदलवू नका आणि नवीन कार्ड तर अजिबातच काढू नका. माझ्याकडून ५ पैकी २ स्टार, त्यातला एक फक्त ॲप नीट चालते म्हणून.

माझ्याकडे एका एअरलाइनचं नाव छापलेलं क्रेडिट कार्ड आहे. कार्ड बँकेचं, खर्च केला की बँकेकडे पॉइंट जमा होतात, मग ते एअरलाइनच्या खात्यात वळते करायचे आणि त्यातून तिकीट काढायचं. बँकेचं नाव नाही घेत, एअरलाइनचं पण नाही. नांदगाव खंडेश्वरला माझं कृषी केंद्र आहे, कंपन्यांचे पैसे भरायला कार्ड लागतेच, त्यात हे एक. बोलेरोचं रिन्यूअल जुलैत येते, ते यंदा मुद्दाम या कार्डावर भरलं, म्हटलं पाहू तर खरं किती पॉइंट पडतात.

आयडिया मुळात भाचीची. ती मेलबर्नला राहते. तिकडे क्वांटस ही विमान कंपनी स्वतःच्याच नावानं कारचा इन्शुरन्स विकते आणि पॉलिसी घेतली की क्वांटसचे पॉइंट खात्यात येतात. तिनं फोनवर सांगितलं, "मामा, तुम्ही दरवर्षी एवढे पैसे भरता, तिकडे पण पाहा ना असं काही आहे का." आपल्याकडे मामला वेगळा आहे. १९३८ चा विमा कायदा आहे, त्याचं कलम ४१ म्हणते की पॉलिसी घ्यावी म्हणून गिऱ्हाइकाला कमिशनमधून किंवा प्रीमियममधून सूट द्यायची नाही, कंपनीच्या प्रॉस्पेक्टसमध्ये जेवढी छापली असेल तेवढीच, नाही तर दंड १० लाखांपर्यंत. प्रपोजल फॉर्मवर हे बारीक अक्षरात छापलेलं असते, वाचत कोणी नाही. तर माझे पॉइंट विमा कंपनीनं दिलेले नाहीत, कार्डानं दिले, आणि इथूनच सगळी गंमत सुरू होते.

कारण कार्डवाल्यांना इन्शुरन्सचा खर्च आवडत नाही. जिथं जिथं कार्ड चालते तिथल्या मशीनच्या किंवा वेबसाइटच्या मागे चार आकडी कोड असते, विमा कंपन्यांचा ६३००. बँकेच्या सिस्टीमला तो कोड दिसला की पॉइंटचा वेगळा दर लागते. काही कार्डांवर शून्य, काहींवर निम्मे, काहींवर महिन्याला अमुक इतकेच. पेट्रोल, घरभाडं, वॉलेट यांचं पण असंच. माझ्या कार्डावर बाकी खर्चाला १०० रुपयांवर २ पॉइंट आहेत, इन्शुरन्सवर १. हे नियमात लिहिलेलं आहे, पण कार्ड विकणारा पोरगा फोनवर "सर, इन्शुरन्स भरा, एका झटक्यात पॉइंट" एवढंच म्हणते, निम्म्याचं तोंडातून निघत नाही.

आता हिशोब. सोपं जावं म्हणून प्रीमियमचे आकडे गोल करतो. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा, म्हणजे ओन डॅमेजचा प्रीमियम १२,००० धरा. माझा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याची सूट, ३५ टक्के होता, म्हणजे राहिले ७,८००. झिरो डेप, म्हणजे क्लेममध्ये पार्टचा घसारा कापू नये म्हणून वरचं कव्हर, त्याचे २,५०० धरा. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या विम्याचा दर सरकार ठरवते, बोलेरो १४९३ सीसीची आहे म्हणजे १००० ते १५०० सीसीच्या खान्यात, तिथं ३,४१६, हा दर जून २०२२ पासूनचा. मालकाचं १५ लाखांचं अपघात कव्हर माझ्या दुसऱ्या पॉलिसीत आहे म्हणून ते सोडलं. झाले १३,७१६, त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १६,१८५.

यावर पॉइंट किती? १६१. माझ्या एअरलाइनच्या तिकिटांवर भागवून पाहिलं तर एक पॉइंट साधारण ५० पैशांचा बसते. म्हणजे ८० रुपये. बरं निम्मे न करता पूर्ण दिले असते तरी १६०. एवढ्यासाठी लोकं पानंच्या पानं तुलना करत बसतात! आमच्या धंद्यात बियाण्याच्या बॅगेसोबत कंपनी टोपी देते, कोणताच शेतकरी टोपी पाहून बियाणं नेत नाही, ते हे.

खरा पैसा नो क्लेम बोनसमध्ये आहे आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही. क्लेम नसला की पहिल्या वर्षी २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि ५०. मी या वर्षी क्लेम नाही केला तर पुढच्या वेळी ३५ चे ४५ होतील, म्हणजे त्या १२,००० वर आणखी १,२०० वाचले, जीएसटी धरून १,४१६. आणि एक फालतू क्लेम केला की बोनस सरळ शून्यावर, ४५ टक्क्यांचे ५,४०० आणि त्यावरचा जीएसटी, ६,३७२ रुपये गेले समजा. आमच्याकडे लोकं आरसा फुटला तरी क्लेम टाकतात, मग रिन्यूअलच्या वेळी डोक्याला हात. आणखी एक, पॉलिसी संपल्यावर ९० दिवसांत रिन्यू नाही केली तर बोनस गेलाच. बोनस माणसाचा असते, गाडीचा नाही, म्हणून जुनी गाडी विकून नवीन घेताना तो सोबत नेता येते, शोरूमवाला स्वतःहून सांगत नाही, आपणच मागायचा.

हे सगळं मी लिहून राहिलो कारण आमच्या भागात इन्शुरन्स ही कागदावरची गोष्ट नाही. पोहरा-मालखेडच्या जंगलाकडून रोही (नीलगाय) आणि रानडुकरं रात्री रोडावर येतात, तुरीच्या वावरातून रोही निघाला की तो काही इंडिकेटर देत नाही. मागच्या हंगामात शेजारच्या गावातल्या एका भाऊच्या गाडीसमोर आला, बंपर, ग्रील, रेडिएटर, एक हेडलाइट, सगळं खलास. त्याच्याकडे साधी कॉम्प्रिहेन्सिव्ह होती, झिरो डेप नाही. साध्या पॉलिसीत प्लास्टिक आणि रबराच्या पार्टवर ५० टक्के घसारा कापतात, आणि आजच्या गाड्यांत समोरचं बहुतेक प्लास्टिकच असते, वरून १,००० रुपये सक्तीचे आपल्या खिशातून, १५०० सीसीच्या वर असली तर २,०००. त्याला अर्ध्याच्या जवळपास स्वतः भरावं लागलं. मग नवीन गाडीला झिरो डेप घ्यायचं का नाही, यावर गावात चर्चा चालते, पॉइंटवर कोणी बोलत नाही, आणि बरोबरच आहे.

झिरो डेपसोबत दुसरी गोष्ट पाहायची ती कॅशलेस गॅरेज, म्हणजे जिथं क्लेमचे पैसे कंपनी परस्पर भरते. ॲपवर लिहिलेलं असते हजारो गॅरेज, पण आपल्या जवळचं कोणतं? नांदगावात माझ्या कंपनीचं एकही नाही, अमरावती गाठावं लागते, म्हणून टोचन किती किलोमीटरपर्यंत फुकट आहे ते पॉलिसीत वाचून घ्या. आणि पावसाळ्यात नाल्यातून गाडी घालायची सवय असेल तर इंजिन प्रोटेक्ट वेगळं घ्यावं लागते, इंजिनात पाणी जाऊन बसलं तर साधी पॉलिसी हात वर करते. पाण्यात बंद पडलेली गाडी परत स्टार्ट मारून पाहिली तर भांडण आणखी वाढते.

एजंटचं पण सांगतो, कारण ऑनलाइनवाले त्याला मधला माणूस म्हणून हिणवतात. माझा एजंट तालुक्याचा आहे, पॉइंटचं विचारलं तर म्हणे, "भाऊ, पॉइंट तं मी देऊ शकत नाही, पण रात्री रोही धडकला का मले फोन करजा, मी येतो." आणि येते, हे मी दुसऱ्यांच्या क्लेममध्ये पाहिलं आहे, सर्व्हेअरसोबत उभं राहते, कागद पुरे करून देते. यंदा त्यानंच कंपनीची पेमेंट लिंक पाठवली, मी त्या लिंकवर कार्ड टाकलं, एजंट पण राहिला आणि १६१ पॉइंट पण आले, थोडे उशिरा आले, पुढच्या बिलानंतर. म्हणजे पॉइंट पाहिजेच असतील तर एजंट सोडायची गरज नाही.

कोटेशन मात्र तीन-चार मागवा. एकाच आयडीव्हीवर, म्हणजे विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीवर, मला हजार-दीड हजाराचा फरक दिसला, १६१ पॉइंट तिथंच बुडाले. आणि आयडीव्ही सारखीच ठेवून पाहा, काही साइटवर ती खाली सरकवून प्रीमियम स्वस्त दाखवतात, गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण चुराडा झाली की कमी पैसे हातात येतात.

आता सगळ्यात बेकार भाग. कार्डाचं बिल. जुलैत प्रीमियम भरला, बिल आलं ऑगस्टमध्ये, आणि आमच्याकडे ऑगस्टमध्ये कोणाच्याच हाती पैसा नसते. खत, फवारणी, निंदणाची मजुरी सगळं चालू, कापूस घरात यायला दसरा-दिवाळी. कृषी केंद्रवाल्याचं तर आणखी, अर्धं गाव उधारीवर. त्यात बिल पूर्ण नाही भरलं तर महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज. १६,१८५ वर एका महिन्याचे ५६६, त्यावर परत १८ टक्के जीएसटी, ६६८ रुपये. ८० रुपयांचे पॉइंट कमवायला ६६८ घालवायचे. मी वेळेवर भरलं, पण ज्यांचा पैसा हंगामावर आहे त्यांनी हे कार्डावर करूच नये, सरळ यूपीआयनं खात्यातून भरावं. पगारदार माणसाचं वेगळं.

आणि पॉइंट जमले तरी उडणार कुठून? बेलोऱ्याचं अमरावती विमानतळ १६ एप्रिल २०२५ ला सुरू झालं, अमरावती-यवतमाळ रोडवर, आमच्या वाटेवरच, सगळ्यांना आनंद. पण मुंबईचं विमान चालू झालं ते अलायन्स एअरचं, आणि २०२२ च्या जानेवारीत एअर इंडिया टाटांकडे गेली तेव्हा अलायन्स सरकारकडेच राहिली, म्हणजे आता दोन्ही वेगळ्या. माझ्या कार्डाची एअरलाइन तिसरीच, तिच्यासाठी नागपूर गाठावं लागते, म्हणजे समृद्धीचा टोल, डिझेल, सोनेगावला विमानतळावर पार्किंग. पॉइंटवर तिकीट फुकट म्हणतात, पण टॅक्स आणि फी रोख भरावी लागते. वर पॉइंटला एक्सपायरी. १६१ पॉइंटच्या वेगानं माझं मुंबईचं तिकीट कधी निघेल ते तुम्हीच पाहा, तोवर अमरावती एक्सप्रेसमध्ये बर्थ घेतो, रात्री बसलो की सकाळी मुंबईत.

मग दोन स्टार तरी कशाला? कार्ड आधीपासून आहे, बिल दर महिन्याला पूर्ण भरतात, नागपुरात राहतात आणि कामानिमित्त उडतात, अशांना हे वरचे ८० रुपये फुकटचे आहेत, सोडायचे कशाला. नवीन गाडी घेणाऱ्यांसाठी एक, १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन कारला थर्ड पार्टी एकदम तीन वर्षांची घ्यावी लागते, त्यामुळे पहिला प्रीमियम मोठा असते, पॉइंट काय ते तेव्हाच थोडे बरे पडतील. फक्त शोरूममध्ये "इन्शुरन्स आमच्याकडूनच" म्हणून दाबतात, तसं बंधन नाही, बाहेरचं कोटेशन घेऊन जा.

माझं पुढचं ठरलं आहे. कार्डाची वर्षाची फी एका मर्यादेच्या वर खर्च केला की माफ होते, पण त्या मर्यादेत इन्शुरन्सचा खर्च धरत नाहीत, हे पण बारीक अक्षरातच. फी लागली तर कार्ड बंद करायला टाकतो. तुम्ही पण बंद करणार असाल तर आधी बँकेकडचे पॉइंट एअरलाइनच्या खात्यात वळते करून घ्या, नाही तर कार्डासोबत तेही जातात.